सूरजागडचें लोखंड आणि सूरजागडचें पाणी

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ऋषींच्या कुळाबद्दल ती पाळलेली बरी. परंतु नदीच्या मुळाबद्दल आपण ती इतक्या मनोभावें पाळली आहे कीं, आमच्या विदर्भांतील अर्ध्याअधिक ओढ्यांचा उगम कोठें होतो हें चांगल्या शिकलेल्या माणसासहि सांगतां यावयाचें नाहीं. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता हीं नांवें शाळेंत पाठ होतात. बांडिया नदीचें नांव मात्र मीं वयाची पंचविशी उलटेपर्यंत ऐकलें नव्हतें, आणि मी इतिहासाचा पदवीधर म्हणून मिरवीत होतों. ही बांडिया गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुक्याच्या डोंगराळ मुलखांतून दक्षिणेकडे वाहत जाऊन इंद्रावतीस मिळते, आणि इंद्रावती पुढें गोदावरीस. म्हणजे नाशिकास गोदास्नान करणाऱ्या भाविकाची आणि एटापल्लीच्या माडियाची नदी शेवटीं एकच. पण एकीचें माहात्म्य पुराणांत आलें आणि दुसरीचें नांव नकाशावर शोधावें लागतें.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं, नोकरीच्या आरंभींच्या काळांत, विद्यार्थ्यांची एक लहानशी तुकडी घेऊन मी त्या बाजूस गेलों होतों. आमच्या मूर्खपणामुळें वेळ निवडली ती ऐन वैशाखाची. गांवाजवळच्या नाल्यांत पांढरी वाळू तेवढी होती. एक म्हातारा माडिया खांद्याला वाळल्या भोपळ्याचा तुंबा अडकवून निघाला होता, त्याच्या मागोमाग आम्हीहि निघालों. तो नाला ओलांडून, चांगला अर्धा कोस चालून, डोंगराच्या अगदीं पायथ्याशीं दगडांनीं बांधून घेतलेल्या एका झिऱ्यापाशीं थांबला. पाणी टीचभर, पण थंड आणि नितळ. आमच्यापैकीं एकानें विचारलें, “सर, जवळच्या नाल्यांत वाळू उकरली तर पाणी लागणार नाहीं काय? मग इतक्या दूर कशाला?” बरोबरच्या शाळामास्तरांनीं प्रश्न माडियांत सांगितला. म्हाताऱ्यानें तुंबा भरतां भरतांच उत्तर दिलें, आणि मास्तरांनीं तें आम्हांस मराठींत सांगितलें: “तें होळीपर्यंत. हें पाऊस येईपर्यंत.”

त्या उत्तरांत एका संबंध शास्त्राचा सारांश होता, हें समजावयास मला पुष्कळ वर्षें लागलीं. पुढें त्याच बाजूस सूरजागडच्या डोंगरावर लोखंडाची खाण सुरू झाली, आणि तिच्याविषयींचे वादविवाद वर्तमानपत्रांतून वाचूं लागलों तेव्हां तो झिरा मला वारंवार आठवूं लागला. प्रस्तुत लेख त्या आठवणींतून निघाला आहे. मी भूस्तरशास्त्रज्ञ नव्हें; जुने रिपोर्ट वाचणें हा माझा धंदा. तेव्हां ज्या मुलखांत लोखंडाबद्दल गेलीं दीडशें वर्षें इतकें लिहिलें गेलें, तेथें पाण्याकडे कोणीं कसें पाहिलें, एवढेंच मी येथें सांगणार आहे.

चांद्याच्या गोंड राजांपुरतें बोलावयाचें तर त्यांची दृष्टि पाण्यावर होती, यांत शंका नाहीं. चांदा शहराची जन्मकथाच मुळीं पाण्याची आहे. खांडक्या बल्लाळशहाचें अंग गळवांनीं भरलेलें होतें. शिकारीच्या श्रमानें तहानेला झालेला तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रांतील एका डबक्याचें पाणी प्याला, त्यानें हातपाय धुतले, आणि त्याची व्याधि गेली. त्या जागीं पुढें अचलेश्वराचें देऊळ झालें आणि शेजारीं शहर वसलें, असें परंपरा सांगते. ही दंतकथा म्हणून सोडून दिली तरी हीरशहा राजाच्या नांवावर जी व्यवस्था सांगतात ती दंतकथेपेक्षां वजनदार आहे. जो तळें बांधील त्यास त्या तळ्याच्या पाण्यानें भिजेल तितकी जमीन इनाम, असा त्याचा शिरस्ता होता म्हणतात. अशा देणगीच्या जमिनीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरांतील तुकूम वस्तीच्या रूपानें तो शब्द आजहि जिवंत आहे, जरी तेथें राहणाऱ्या शंभरांतील नव्वदांस त्याचा अर्थ ठाऊक नसेल. पूर्वविदर्भांतील मालगुजारी तलाव, गांवोगांवच्या बोड्या, हा सगळा पसारा त्याच वृत्तीचा.

परंतु ही तळ्यांची संस्कृति झाडीपट्टीची, भाताच्या सपाट मुलखाची. तिच्या पलीकडे अहेरीची जमीनदारी लागे. क्षेत्रफळ अडीच हजार चौरस मैलांहून अधिक, वस्ती विरळ, सागाचें दाट अरण्य. एटापल्ली आणि सूरजागड त्या जमीनदारींत मोडत. तेथें तळें बांधण्याची गरज कोणास पडली नाहीं, कारण तेथें डोंगर हेंच तळें होतें. पण तळ्यावर सारा बसतो, झऱ्यावर बसत नाहीं. आणि ज्यावर सारा बसत नाहीं त्याची नोंद दप्तरांत होत नाहीं. त्यामुळें खालशांतील तलावांबद्दल जुन्या कागदांत जितकें वाचावयास मिळतें त्याच्या शतांशानेंहि जंगल-जमीनदारींतील झिऱ्यांबद्दल मिळत नाहीं. या एका गोष्टीचे परिणाम आज भोगावे लागत आहेत, हें पुढें दिसेल.

१८५३ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, आणि इंग्रजांची दृष्टि या मुलखावर पडली. त्यांनाहि प्रथम पाणीच दिसलें. पण तें प्यावयाचें नव्हे, नावा चालवावयाचें. गोदावरीचा कायापालट करणारे सर आर्थर कॉटन यांच्या मनांत असें होतें कीं, वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस नावांतून प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांच्या वाटेनें पूर्वसमुद्रास न्यावा. वाटेंत तीन ठिकाणीं खडकांच्या रांगा आडव्या येत: पहिली दुम्मागुडमपाशीं, दुसरी इंद्रावतीच्या संगमाखालीं इंचमपल्लीस, आणि तिसरी प्राणहितेवर देवलमरीस, म्हणजे खुद्द अहेरीच्या दारांत. बांध, कालवे आणि झडपांचे दरवाजे बांधून हीं विघ्नें ओलांडावयाचीं असा बेत होता. हेग नांवाच्या इंजिनियरानें त्यासाठीं वर्षेंच्या वर्षें त्या रानांत काढलीं, पुष्कळ पैसा खर्ची पडला, ज्वरानें माणसें मेलीं. तिकडे आगगाडी नागपुरास येऊन पोंचली, आणि १८७१ सालीं सरकारनें तें काम सोडून दिलें. नदी पूर्वीप्रमाणें वाहूं लागली. या प्रकरणाकडे लोक फसलेल्या स्वप्नाची गंमत म्हणून पाहतात. मला त्यांत एक गोष्ट नमुनेदार वाटते: नदीच्या पात्राची तेथें बारकाईनें मोजणी झाली, पण ज्या डोंगरांतून त्या नदीला उन्हाळ्यांत पाणी येतें त्यांच्याकडे कोणी वळून पाहिलें नाहीं.

याच सुमारास मेजर लूसी स्मिथ यांनीं चांदा जिल्ह्याच्या जमीनबंदोबस्ताचा रिपोर्ट लिहिला. तो आजहि वाचनीय आहे. गोंड राजांचा जो इतिहास आपण सांगतों त्याचा पुष्कळसा भाग त्यावरूनच उचललेला आहे. त्यांत आणि १८७० च्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरांत चांद्याच्या लोखंडाचें वर्णन मोठ्या उत्साहानें आलें आहे. विशेषतः लोहाऱ्याची टेकडी म्हणजे जणूं लोखंडाचाच एक अखंड गोळा, असा बोलबाला झाला. जंगलांतील लोक हें लोखंड आपल्या लहान मातीच्या भट्ट्यांत, कोळशाच्या आंचेवर आणि पायानें चालविण्याच्या भात्यांवर, किती पिढ्या गाळीत होते कोण जाणे. अशा भट्टीला डोंगराचा एक कोपराहि पुरून उरे. तिला पाणी तर लागेच ना.

या बोलबाल्याची पुढील कथा सर्वश्रुत आहे, तरी तिच्यांतील एक बारकावा सांगण्याजोगा आहे. १८८२ सालीं एका जर्मन भूस्तरवेत्त्याचा चांद्याच्या लोखंडावरील रिपोर्ट जमशेटजी टाटांच्या वाचनांत आला, आणि हिंदुस्थानांत पोलाद करावयाचें हा ध्यास त्यांनीं घेतला. परवान्यांचे नियम सैल होण्यास शतक संपावें लागलें. १९०४ सालीं वेल्ड नांवाचा अमेरिकन तज्ज्ञ, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी, आणि त्यांचे आप्त शापुरजी सकलातवाला, जे पुढें विलायतेच्या पार्लमेंटांत साम्यवादी सभासद म्हणून गाजले, असे तिघे बैलगाड्यांतून चांद्याच्या रानांत हिंडले. प्यावयास धड पाणी मिळेना, म्हणून एकदां सोडावॉटर उकळून त्याचा चहा केला, अशी त्या प्रवासाची आठवण सांगतात. लोखंड शोधावयास गेलेल्या माणसांस पाणी मिळूं नये, आणि ती गोष्ट केवळ विनोद म्हणून चरित्रांत राहावी, हें मला फार सूचक वाटतें. लोहाऱ्याचें खनिज उत्तम, पण कारखान्यास पुरेल इतकें नाहीं. जवळचा दगडी कोळसा भट्टीच्या कामाचा नाहीं. असा वेल्डनें निकाल दिला. नंतर नागपूरच्या पदार्थसंग्रहालयांत दोराबजींच्या दृष्टीस प्रमथनाथ बोस यांनीं केलेला दुर्ग जिल्ह्याचा नकाशा पडला आणि शोध पूर्वेकडे सरकला. शेवटीं कारखाना झाला तो साकचीस, सुवर्णरेखा आणि खरकाई या दोन नद्यांच्या संगमावर. तेथें १९११ च्या डिसेंबरांत पहिलें लोखंड ओतलें गेलें. जमशेदपूरची कथा सांगतांना आपण खनिज आणि कोळसा यांचीं नांवें घेतों. पण जागा ठरवितांना त्या दोन नद्यांनाहि मत होतें. पोलादाचे कारखानदार पाण्याचें मोल कधींच विसरले नव्हते. प्रश्न इतकाच कीं, ज्या डोंगरावरून खनिज काढावयाचें त्या डोंगराच्या पाण्याचें मोल कोण ठेवणार?

मधल्या काळांत सूरजागड आपल्या ठिकाणीं स्वस्थ होता. त्याचा शेजार मात्र स्वस्थ नव्हता. इंद्रावतीवर भोपालपट्टणम् आणि गोदावरीवर इंचमपल्ली अशा दोन प्रचंड धरणांच्या योजना पुढें आल्या. त्यांत शेंकडों माडिया-गोंड गांवें आणि उत्तम सागवान बुडणार होतें. १९७३ पासून हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प चालू होता, तेव्हां तेथील लोकांस या बातमीचा अर्थ नीट समजला. आणि १९८३-८४ मध्यें बाबा आमटे यांच्या पुढाकारानें ‘जंगल बचाव, मानव बचाव’ ही चळवळ उभी राहिली. योजना मागें पडल्या. याच सुमारास, २६ ऑगस्ट १९८२ रोजीं, चांद्याचा जुना जिल्हा दुभंगून गडचिरोली जिल्हा निराळा झाला होता. पाणी फार झाल्यानें बुडण्याचें संकट अशा रीतीनें टळलें. पाणी आटण्याचें किंवा गढूळ होण्याचें संकट हें निराळ्या जातीचें असतें. तें एका दिवसांत येत नाहीं, म्हणून त्याविरुद्ध मोर्चाहि लवकर निघत नाहीं.

सूरजागडावर ३४८.०९ हेक्टरांचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स या कंपनीस २००७ सालीं मिळाला. पुढचीं चौदा वर्षें तेथें खनिजापेक्षां रक्तच अधिक सांडलें. २०१३ च्या जूनमध्यें कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्यासह तिघांची नक्षलवाद्यांनीं हत्या केली. २०१६ च्या डिसेंबरांत खनिज वाहणारे पाऊणशेंहून अधिक ट्रक जाळले गेले. २०२१ पासून मात्र काम अव्याहत चालूं लागलें. वर्षाला तीस लाख टनांची मूळ परवानगी २०२३ सालीं एक कोटि टनांवर गेली, आणि २०२५ सालीं ती दोन कोटि साठ लाखांवर नेण्यास मंजुरी मिळाली. हलक्या प्रतीचें खनिज दळून धुऊन सुधारण्याच्या कारखान्यासाठीं नऊशेंहून अधिक हेक्टर वनजमीनहि त्याच वर्षीं देण्यांत आली. हेडरीपासून चामोर्शी तालुक्यांतील कोनसरीपर्यंत सुमारें ८५ किलोमीटर लांबीचा नळ टाकून, दळलेलें खनिज पाण्यांत कालवून वाहून नेण्याची व्यवस्था झाली. त्यामुळें रस्त्यावरचे ट्रक कमी होतात, धूळ कमी उडते, अपघात टळतात, हें सर्व खरें आहे आणि तें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. एटापल्लीच्या ज्या तरुणास पूर्वीं तेंदूपत्त्याच्या हंगामापलीकडे रोजगार ठाऊक नव्हता त्यास महिन्याचा पगार मिळूं लागला, हेंहि खरें. शहरांतील दिवाणखान्यांत बसून त्या पगारास नाक मुरडण्याचा अधिकार आम्हां प्राध्यापकांना तरी खचित नाहीं.

आतां डोंगराकडे वळूं. सूरजागडचा माथा हा हेमाटाइट या लोहखनिजाचा आणि त्याच्या जोडीला लोखंड व गारगोटी यांचे पातळ थर एकाआड एक बसून झालेल्या पट्टेदार खडकाचा आहे. वय अडीचशें कोटि वर्षांच्याहि मागचें. आमच्या महाविद्यालयांतील भूस्तरशास्त्राचे एक सहकारी मला हें माठाच्या दृष्टान्तानें समजावून देत. असा लोहखनिजाचा माथा युगानुयुगें ऊनपाऊस सोसून भेगाळलेला, छिद्राळ झालेला असतो. त्याच्या बुडाशीं असलेला खडक तुलनेनें घट्ट. त्या मुलखांत वर्षाला साधारण दीड हजार मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. त्यांतला पुष्कळसा नाल्यांवाटे वाहून जातो. पण कांहीं भाग माथ्यांत मुरतो, सावकाश खालीं उतरतो, घट्ट खडक लागला कीं आडवा फिरतो, आणि पायथ्याशीं पाझरतो. नाल्याच्या वाळूंतलें पाणी हें त्याच वर्षाच्या पुराचें उरलेंसुरलें, म्हणून तें होळीपर्यंत. डोंगरांतून पाझरणारें पाणी माठांतलें, म्हणून तें पाऊस येईपर्यंत. म्हाताऱ्यानें सांगितलें तें हेंच.

येथें खाणीच्या बाजूनें एक युक्तिवाद नेहमीं केला जातो, आणि तो वरवर पाहतां बिनतोड आहे. खाण डोंगरमाथ्यावर, गांवच्या विहिरींची पाणपातळी पायथ्याच्या सपाटीखालीं. दोहोंमध्यें शेंकडों फुटांचें अंतर. खाणीचा तळ पाणपातळीस शिवतच नाहीं, मग भूजलास धक्का कसा? उत्तर असें कीं, विहिरीच्या पाण्यास धक्का न लावतां माठ फोडतां येतो. माथ्यांत जें पाणी अधांतरीं धरून ठेविलेलें असतें त्याची गणना विहिरीच्या पातळींत होत नाहीं. माथाच काढून नेला म्हणजे पावसाचें पाणी मुरण्याऐवजीं उघड्या पायऱ्यांवरून धांवत सुटतें. पावसाळ्यांत नाल्याला पूर अधिक, आणि वैशाखांत झिरा कोरडा. वर्षाच्या एकूण पाण्याची बेरीज कागदावर तीच राहते. माडियाच्या तुंब्यांत मात्र फरक पडतो.

हें केवळ तर्कानें म्हणावें लागत नाहीं. आपल्या मराठी-कोंकणी मुलखांत गोमंतकानें याचा अनुभव पुरता घेतलेला आहे. तेथें तर खाणी पाणपातळीखालीं गेल्या आणि खड्डे कोरडे ठेवण्यासाठीं रात्रंदिवस पाणी उपसावें लागलें. डिचोली तालुक्यांतील शिरगांव हें लइराई देवीच्या जत्रेसाठीं प्रसिद्ध. त्याच्याभोंवतीं खाणी खोल गेल्या, गांवच्या विहिरी आटल्या, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. ज्या गोव्यांत घरटी विहीर, त्या गोव्यांत टँकरची वाट पाहणें आलें. पोर्तुगीज अमदानींत दिलेले ‘कन्सेशन’ १९८७ च्या कायद्यानें पट्टे ठरले, न्यायमूर्ति शहा आयोगाचा अहवाल २०१२ सालीं आला, सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं खाणी थांबविल्या आणि २०१८ सालीं पुन्हां थांबविल्या. पण आटलेला झरा न्यायालयाच्या हुकुमानें परत वाहूं लागत नाहीं. एटापल्लीचा खडक आणि गोव्याचा खडक यांत भेद आहे, सूरजागडची खाण डोंगरावर आहे आणि गोव्याच्या खाणी खोल खड्ड्यांत, हें विसरून चालावयाचें नाहीं. म्हणून गोव्याचा दाखला जसाच्या तसा लावणें शास्त्रीय होणार नाहीं.

तसा लागूं पडणारा दाखला फार दूर नाहीं. इंद्रावती ओलांडून बस्तरांत गेलें कीं बैलाडिला. तोच पट्टेदार खडक, तोच हेमाटाइट, तशीच डोंगरमाथ्यावरची खाण, तसाच माडिया शेजारीं. तेथें १९६८ पासून खाणकाम चालू आहे. किरंदुलाहून निघणारी आगगाडी पूर्वघाट ओलांडून विशाखापट्टणाकडे जाते, आणि तें खनिज दीर्घकाळ जपानास गेलें. त्या डोंगराखालची शंखिनी नदी धुवणाच्या गाळानें तांबडी झाली, आणि तिला लोकांनीं ‘लाल नदी’ म्हणावयास आरंभ केला. दंतेवाड्यास शंखिनी व डंकिनी यांच्या संगमावर दंतेश्वरीचें देऊळ आहे. कर्नाटकांतील कुद्रेमुख येथेंहि असाच वाद भद्रा नदीच्या गाळावरून झाला, आणि तेथील खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें २००५ सालाखेर बंद झाली. पहिल्या पावसाबरोबर सैल झालेली लोहमाती उतरणें ही कोणत्याहि डोंगरी खाणीची अटळ प्रवृत्ति आहे. ती अडविण्यासाठीं डोंगराभोंवतीं चर, नाल्यांत दगडी बंधारे, गाळ बसविण्याचीं तळीं असे उपाय असतात. आणि ते वेळेवर उपसले गेले तर चांगले चालतात. सूरजागडच्या पायथ्याशीं मलमपाडीच्या शेतांत लाल गाळ शिरून भाताचीं बांध्या निकामी झाल्याच्या बातम्या खाण सुरू झाल्यानंतरच्या पावसाळ्यांत वृत्तपत्रांतून आल्या. तेव्हां हे उपाय कागदावर होते कीं जमिनीवर, हा प्रश्न विचारणें गैर नव्हे.

थोडा हिशेब मांडतों. इतिहासकारांनीं त्रैराशिक वर्ज्य मानण्याचें कारण नाहीं. ३४८ हेक्टरांच्या पट्ट्यावर दीड हजार मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे वर्षाला सुमारें ५२ लाख घनमीटर पाणी झालें. नळांतून जाणाऱ्या काल्यांत वजनानें साधारण एकतृतीयांशाच्या वर पाणी असतें. तेव्हां वर्षाला एक कोटि टन खनिज त्या मार्गानें न्यावयाचें तर किमान ५० लाख घनमीटर पाणी त्याच्यासंगें डोंगराकडून कोनसरीकडे जाणार. म्हणजे जवळजवळ तितकेंच. दोन्ही पाणी एकच असें मी म्हणत नाहीं. केवळ आकाराची कल्पना यावी म्हणून हें सांगतों. दर माणशीं रोज ५५ लिटर हें ग्रामीण पाणीपुरवठ्याचें सरकारी माप धरलें तर तेवढ्या पाण्यांत अडीच लाख माणसांची वर्षाची गरज भागते, आणि सबंध एटापल्ली तालुक्याची वस्ती २०११ च्या शिरगणतींत लाखाच्याहि आंत होती. अर्थात् कारखान्यांत पोंचलेलें पाणी निथळून पुन्हां वापरतां येतें, आणि वापरतातहि. परंतु तें जेथून उचललें तेथें परत येत नाहीं.

हे सर्व आंकडे पर्यावरण-परिणामाच्या अहवालांत असतातच, असें कोणी म्हणेल. असतात. २००६ च्या अधिसूचनेनें ते सक्तीचे केले आहेत. खाणीभोंवतीं दहा किलोमीटरांच्या परिघांत विहिरी, नाले, पाण्याचे नमुने यांची पाहणी करावी लागते. मीं असे दोनचार अहवाल वाचले आहेत. एका ऋतूंत, तीन महिन्यांत, कांहीं ठिकाणच्या पाण्यांत कोणता क्षार किती हें त्यांत दशांशासह दिलेलें असतें. पण अमुक झिरा वैशाखांत वाहतो कीं नाहीं, या प्रश्नास त्यांत सहसा कोष्टक नसतें. जनसुनावणी हा दुसरा मार्ग. २०२२ च्या ऑक्टोबरांतील सुनावणी गडचिरोलीस झाली, म्हणजे खाणीपासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. ज्यास झिऱ्याची माहिती आहे त्यानें तेथवर जावयाचें, आणि तेथें मराठींत बोलावयाचें. वास्तविक त्याच डोंगरावर दरवर्षीं जानेवारीच्या आरंभीं सूरजागड इलाख्याच्या सत्तर गांवांचे लोक ठाकूरदेवाच्या यात्रेस जमतात. त्या भागाच्या पाण्याचे इतके जाणकार दुसऱ्या कोणत्याहि दिवशीं एके ठिकाणीं सांपडावयाचे नाहींत. पण कोणी विचारावयास गेल्याचें ऐकिवांत नाहीं.

आणि येथें मी पुन्हां दप्तराकडे येतों. वाद न्यायालयांत गेला तर पहिला प्रश्न येईल तो हा कीं, खाणीपूर्वीं पाणी कोठें, किती व कसें होतें? हातपंपाचें पाणी तांबूस झालें असेल, तर लोखंडाच्या मुलखांत तें निसर्गतःहि तांबूस असूं शकतें. झिरा आटला असेल, तर त्या वर्षीं पाऊसहि कमी असूं शकतो. खाणीमुळें झालें असें सांगणाऱ्याजवळ पूर्वीचा कागद नाहीं. खाणीमुळें झालें नाहीं असें सांगणाऱ्याजवळहि नाहीं. मात्र अशा वेळीं कागद नसल्याचें नुकसान दोघांचें सारखें होत नाहीं. हीरशहाच्या तुकुमापासून लूसी स्मिथपर्यंत ज्या पाण्यावर सारा नव्हता त्याची नोंद झाली नाहीं, त्याचा हिशेब आतां असा चुकता करावा लागतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षणविहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजते. तें काम मोलाचें आहे, पण त्या विहिरी आहेत, झरे नव्हेत.

त्या वैशाखांतल्या तुकडींतला एक विद्यार्थी पुढें त्याच तालुक्यांत शिक्षक झाला. दोन वर्षांपूर्वीं त्यानें मला पत्र लिहिलें. शाळेच्या मुलांना घेऊन त्यानें आसपासच्या झिऱ्यांची यादी केली आहे; झिऱ्यांचीं माडिया नांवें मुलांच्या आज्यांना विचारून लिहिलीं आहेत; आणि दर अमावास्येस लहान झिऱ्याखालीं मापाचा डबा धरून तो भरावयास किती वेळ लागतो तें घड्याळावर पाहून वहींत टिपतात. त्याला एवढेंच विचारावयाचें होतें कीं, अशी नोंद पुढें कोठें ग्राह्य धरली जावी यासाठीं तिचा नमुना कसा असावा. मीं उत्तर पाठविलें: तारीख, वेळ, मोजणाऱ्याचें नांव, त्या महिन्याचा पाऊस, खाडाखोड केली तर तिच्यापुढें सही, आणि वही पेन्सिलीनें लिहूं नये. त्यानें कळविलें कीं, पहिली वही पेन्सिलीनेंच लिहिली गेली आहे, आणि मुलें आतां ती शाईनें गिरवीत आहेत. गिरवूं नका, तशीच ठेवा, असें मीं त्याला उलट टपालीं लिहिलें आहे.